एकादशीची सायकल

सायकलला वाहन म्हणायचे की नाही, यावर आमच्या दिंडीत एका वर्षी परळीच्या मुक्कामी बराच खल झाला होता. निमित्त नाशिककरांचे. नाशिकचे सायकलस्वार दर आषाढात जथ्याने पंढरपूरला जातात. त्यांची छायाचित्रे कोणाच्या तरी मोबाईलवर आली होती. डोक्याला हेल्मेट, अंगात एकसारखे सदरे आणि हँडलला भगवी पताका. एक टाळकरी म्हणाले, जी पायी नाही ती वारीच नाही, विषय संपला. दुसरे म्हणाले, पायडल काय हाताने मारतात का, तिथेही पायच लागतात. तिसऱ्यांनी एसटीने येणाऱ्या भाविकांचा मुद्दा काढला आणि वाद भलतीकडेच गेला. आमचे विणेकरी बुवा भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांना निवाडा मागितला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पहाटं चारला उठायचंय," आणि पांघरूण ओढून झोपले. मी पायाच्या फोडांना खोबरेल लावत बसलो होतो. शाळा सुटली तेव्हाच माझी सायकल सुटली होती. तिच्याशी पुन्हा संबंध येईल असे वाटण्याचे काही कारण नव्हते.

तो संबंध आला २०२० साली. त्या वर्षी काय झाले ते वारकऱ्याला वेगळे सांगायला नको. मार्चमध्ये देवळांची दारे लागली. चैत्री वारी गेली. मग ज्येष्ठ आला. तुकोबारायांच्या पालखीचे प्रस्थान १२ जूनला आणि माउलींचे १३ जूनला झाले, पण मोजक्या माणसांत. आणि पादुका तिथेच थांबल्या. पुढे ३० जूनला त्या एसटी बसने पंढरपूरला गेल्या आणि १ जुलैला आषाढी झाली. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणीवरून दैठणा, गंगाखेड, परळी अशी आमच्या घरासमोरच्या रस्त्याने जाते. तीही त्या वर्षी आली नाही. ज्येष्ठ लागला की ज्याच्या पायांना ओढ लागते, त्या माणसाला घरात बसून पादुका बसमध्ये चढताना टीव्हीवर पाहाव्या लागल्या. आमच्या घरात त्या वेळी कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या खोलीत जाऊन डोळे पुसून आलो आणि जेवायला बसलो.

मी परभणीत एका लहान कार्यालयात हिशेबाचे काम करतो. जूनपासून आम्हांला आळीपाळीने बोलावू लागले. आठवड्यातले तीन-चार दिवस मोकळे. वीस वर्षांत असा मोकळा वेळ कधी मिळाला नव्हता, आणि जो मिळाला तो अशा दिवसांत की जायला कुठे वाटच नव्हती.

आमचे गाव पोखर्णी आणि दैठण्याच्या मध्ये, गंगाखेड रस्त्यावरच्या फाट्यापासून तीन किलोमीटर आत. तिथे आई धाकट्या भावाकडे असते. तेव्हा तिचे वय एक्याऐंशी होते. पंढरीची पायी वारी तिने सव्वीस वर्षे केली, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन. पाय थकले तेव्हा बुवांना विचारून तिने नेम बदलून घेतला. दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला एसटीने गंगाखेडला जायचे, जनाबाईच्या देवळात डोके टेकवायचे, गोदावरीचे पाणी तांब्यात भरून आणायचे आणि त्या पाण्याने घरच्या पितळी विठोबा-रखुमाईला स्नान घालायचे. गोदावरीला आमच्याकडे कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गंगेकाठचे खेडे म्हणून ते गंगाखेड. जनाबाईचा जन्म तिथला. दमा आणि करुंड यांची ही लेक पंढरपुरात दामाशेटींच्या घरी दिली गेली आणि नामदेवरायांच्या घरात वाढली. त्या नामदेवरायांची नर्सी आता हिंगोली जिल्ह्यात आहे, पण हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. तोवर नर्सी आणि गंगाखेड दोन्ही आमच्या परभणीतच. आई अजूनही हे विभाजन मानत नाही. नामदेव आणि जनाबाई एका घरचे, त्यांना दोन जिल्हे कशाला, असा तिचा हिशेब.

एप्रिलच्या एकादशीला तिचा नेम मोडला. मेच्या मोडला. मे अखेरीस जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एसटी तुरळक सुरू झाली, पण पासष्टीच्या पुढच्यांनी बाहेर पडू नये असा नियम होता, आणि तिला मोटारसायकलवर घेऊन गंगाखेडच्या गर्दीत जायला भाऊ तयार नव्हता. त्याचे बरोबरच होते. २ जूनला निर्जला एकादशी झाली. त्या रात्री मी फोन केला तर भाऊ म्हणाला, माय दिवसभर बोललीच नाही. देव तसेच ठेवलेत, आंघोळ घातली नाही.

मी तिला फोनवर घ्यायला लावले. म्हणालो, मी मोटारसायकलवर जाऊन गंगेचे पाणी आणून देतो.

"फटफटीनं नको आणू," ती म्हणाली.

"तू तर बसनं जातीस की माय."

"मी म्हातारी हाय. तू म्हातारा झालास का?"

यावर काय बोलणार? चालत जातो म्हणालो असतो, पण परभणी ते गंगाखेड चाळीसएक किलोमीटर. जाऊन येऊन, गावाकडे वळून, चार-पाच दिवस लागले असते, आणि एवढी रजा कोणी दिली नसती. शिवाय आदल्या दोन वाऱ्यांपासून माझा उजवा गुडघा कुरकुरत होता. दिंडीत मागेपुढे माणसे असतात, कोणी हाताला धरते, कोणी बाम चोळते. एकट्याने रिकाम्या रस्त्याने चालायचे म्हणजे वेगळेच.

दुसऱ्याच दिवशी, ३ जूनला, राज्यात सकाळी पाच ते संध्याकाळी सात या वेळेत व्यायामासाठी चालायला, पळायला आणि सायकल चालवायला परवानगी मिळाली. बातमीत सायकल हा शब्द ऐकला आणि मला माळ्यावरची सायकल आठवली.

ती वडिलांची. बावीस इंची अ‍ॅटलस, काळी, पुढे दांडीची, मागे भक्कम कॅरिअर असलेली. वडील तिच्यावर कापसाच्या पट्टीचे पैसे कमरेला बांधून घरी येत आणि आईला मागे बसवून गंगाखेडला नेत. मी तिच्यावरच शिकलो, आधी दांडीखालून पाय घालून कैची, मग दांडीवरून. वडील गेल्यावर भावाने ती विकायला काढली होती. मी परभणीला उचलून आणली आणि माळ्यावर टाकली. एक गोष्ट मला नंतर कळली. ज्या ३ जूनला मी ती खाली काढली त्याच दिवशी, जागतिक सायकल दिनीच, अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. १९५१ साली सोनीपतमध्ये सुरू झालेली ही कंपनी, तिचा हा चालू असलेला शेवटचा कारखाना. आमच्या पिढीच्या गावागावांत जी सायकल हुंड्यात मागितली जायची, तिची ही अखेर. सगळे जग सायकली शोधत होते, परदेशांत दुकाने रिकामी होत होती, आणि इकडे हे.

दुरुस्ती करणारे चाचा सत्तरीचे. त्यांच्या टपरीचे अर्धे फळकूट उघडे होते. त्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवले, कानाला लावल्यासारखा कान जवळ नेला आणि म्हणाले, "गोळ्या बदलाव्या लागतील. सांगाडा चांगला आहे." टायर-ट्यूब दोन्ही नवी, ब्रेकची रबरे नवी, चेन रॉकेलमध्ये भिजवून धुतली, पुढच्या चाकाचे सहा आरे बदलले. सगळे करून मला वर बसायला लावले. मी बसलो तर त्यांनी मान हलवली आणि सीट तीन बोटे वर घेतली. सीट खाली असली की गुडघा जास्त दुमडतो आणि दुखतो. पायडल अगदी खाली गेले असता पाय जवळजवळ सरळ, किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पन्नास वर्षे मी सीट खाली ठेवणाऱ्यांनाच पाहत आलो होतो, कारण जमिनीला पाय टेकला की धीर येतो. चाचा म्हणाले, "उतरताना त्रास होईल थोडा. चालवताना होणार नाही." गुडघ्याबाबत त्यांचे म्हणणे खरे निघाले. चालताना प्रत्येक पावलाला अंगाचा भार गुडघ्यावर आदळतो; सायकलवर तो भार सीट घेते, पाय नुसता फिरतो.

एकदा शिकलेली सायकल विसरत नाही म्हणतात. तोल विसरत नाही हे खरे. बाकी सगळे अंग विसरलेले असते. पहिल्या दिवशी वसमत रस्त्याने कृषी विद्यापीठाच्या काळ्या कमानीपर्यंत गेलो आणि परत आलो तर बसायची सोय राहिली नाही. तळहात बधिर. मांड्यांना गोळे. शेजारच्या पोराने विचारले, काका पडलात का? दुसऱ्या दिवशी थोडे पुढे. आठवडा गेल्यावर दहा-बारा किलोमीटर जमू लागले. पहाटेचा रस्ता, दोन्ही बाजूंना विद्यापीठाची झाडे, माणूस नाही काणूस नाही. अशा वेळी ओठांवर हरिपाठ येणारच.

हरिपाठ आणि सायकल यांचे जमायला मात्र वेळ लागला. दिंडीत चाल पावलावर पडते, टाळ पावलावर पडतो. मोठ्याने म्हणा, सूर चढवा, दम पुरतो. सायकलवर डावा-उजवा पाय सारखा फिरत असतो, त्याला ठेका असा नाही. मी आधी एका फेरीला एक शब्द बसवू पाहिला तर जीभ आणि पाय दोघेही अडखळले. नंतर पाय सोडून दिले आणि श्वासाकडे पाहिले. श्वास सोडताना म्हणायचे, घेताना गप्प राहायचे. चढ आला की आवाज आपोआप ओठांत जातो, उतार आला की पुन्हा मोकळा होतो. समोरून वारा आला तर शब्द तोंडातून बाहेर पडतच नाहीत. माझ्या वेगाने हरिपाठ सात किलोमीटरमध्ये पुरा होतो. आता मला अंतर विचारले तर मी हरिपाठांतच सांगतो.

१६ जूनला, योगिनी एकादशीच्या आदल्या दिवशी, पहाटे निघालो. तीन दिवसांचा बेत होता: दशमीला गाव, एकादशीला गंगाखेड आणि परत, द्वादशीला पारणे सोडून परभणी. कॅरिअरला पिशवी, पिशवीत धोतर, पंचा, शेंगदाण्याचे लाडू, पंक्चरचे सामान आणि हातपंप. मृगाचा पाऊस येऊन गेला होता. गंगाखेड सरळ दक्षिणेला आणि त्या दिवसांत वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे जाताना तो छातीवर, येताना पाठीशी. रस्त्याचे काम अर्धवट पडलेले. एके ठिकाणी गुळगुळीत, पुढे लगेच खडी. खडीवर सायकल हाताशी धरून चालायचे. पोखर्णीला नृसिंहाचे देऊळ बंद होते. बाहेरूनच हात जोडले.

फाट्यावरून आत वळलो आणि आमच्या काळ्या मातीने दाखवली तिची तऱ्हा. पाऊस पडून ओली झालेली काळी माती टायरला चिकटते, फिरत फिरत मडगार्डात भरते आणि चाक जाम करते. काडीने उकरून काढावी तर दहा पावलांवर पुन्हा तेच. शेवटचा एक किलोमीटर मी सायकलवर नव्हतो, सायकल माझ्या खांद्यावर होती. रानात बाया सरकी टोकत होत्या. त्यांच्यातली एक ओरडून म्हणाली, "भाऊ, कोण कुणावर बसलंय?" सगळ्या हसल्या. त्या महिन्यांत इतके मोकळे हसणे मी पहिल्यांदाच ऐकले.

आई दारात उभी होती. मी ओट्याच्या खाली थांबलो, तोंडाला पंचा बांधलेला. वारीत कोणीही कोणाच्या पाया पडतो. लहान पाहत नाही, मोठा पाहत नाही. आणि मी चार हातांवरून आईला नमस्कार केला. मी शहरातून आलेला, ती एक्याऐंशीची. ती एक पाऊल पुढे आली तर मी एक पाऊल मागे गेलो. हे मला फार जड गेले. ती काही बोलली नाही. तिने सायकल पाहिली, कॅरिअरवर हात फिरवला, चेनकव्हरवरची पोचट जागा बोटाने चाचपली. "ही तुव्ह्या बापानं पोखर्णीच्या जत्रंत पाडली होती," ती म्हणाली. रात्री मी बाहेर ओट्यावर झोपलो. ती आत उंबऱ्याजवळ. दार उघडे ठेवून आम्ही बोलत होतो.

पहाटे तिने तुळशीची चार पाने आणि बुक्क्याची पुडी ओट्यावर ठेवली आणि आत सरकली. मग मी पुढे होऊन उचलली.

गंगाखेडच्या वाटेवर मला पायी चालणारी माणसे भेटली, पण ते वारकरी नव्हते. पुण्याहून गावाकडे परतून हातचे काम गेलेले दोन तरुण कुठे पेरणीचे काम मिळेल म्हणून निघाले होते. डोक्यावर गाठोडे घेतलेले एक म्हातारे जोडपे लेकीच्या गावाला चालले होते. त्या उन्हाळ्यात या देशात किती माणसे चालली त्याची गणती नाही, आणि त्यांच्यापुढे अबीर नव्हता, मागे पाण्याचा टँकर नव्हता. ८ मेच्या पहाटे जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. तो रूळ आमच्या परभणीवरूनच जातो. त्याच महिन्यात बिहारची पंधरा वर्षांची ज्योती कुमारी आपल्या जखमी बापाला सायकलच्या मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्याला गेली. जवळजवळ बाराशे किलोमीटर. आईबापांच्या सेवेची पुंडलिकाची गोष्ट आपण कीर्तनात सांगतो, ऐकतो. त्या मुलीने कोणाचे कीर्तन ऐकले असेल नसेल. माझ्या चाळीस किलोमीटरांचे कौतुक मनात डोकावू लागले की मी तिला आठवतो.

गंगाखेडला जनाबाईचे देऊळ गोदाकाठी आहे. दार बंद. बाहेर एक कुत्रे झोपलेले. मी कळसाकडे पाहिले, आईने दिलेली तुळस दाराच्या पायरीवर ठेवली, तिचे नाव घेऊन डोके टेकवले. ज्या जनाबाईने दळणकांडण करता करता देवाला बोलावून घेतले, तिच्या दाराला कुलूप असले तर त्याने फारसे बिघडत नसावे, असे मला तिथे बसल्यावर वाटले. गोपाळपुरात तिचे जाते दाखवतात. ते पाहिल्यावरही मला देवळापेक्षा ते जातेच जास्त जवळचे वाटले होते. मग पात्रात उतरलो. वाळू जास्त, पाणी कमी. पंचा धुतला, बाटली भरली, एक बाटली जास्तीची भरली.

परतताना वारा पाठीशी होता.

आईने त्या पाण्याने देव न्हाऊ घातले तेव्हा मी अंगणातून पाहत होतो. दोन एकादश्यांची भर म्हणून तिने तीनदा पाणी घातले. मग तिने मला कसे गेलास, कुठे थांबलास ते विचारले आणि पायडल कसे फिरते ते हाताने करून पाहिले. "जात्यासारखंच हाय की," ती म्हणाली. "फक्त जातं जागा सोडत नाही." तिने आयुष्यभर जात्यावर ओव्या म्हटल्या. तिने सांगितले ते मला एका जुन्या माहितीशी जुळलेले दिसले. सायकलचा मूळ प्रकार १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस नावाच्या माणसाने केला, तेव्हा तिला पायडलच नव्हते. लाकडाच्या दोन चाकांवर बसायचे आणि पायांनी जमीन मागे ढकलत चालायचे. म्हणजे पहिली सायकल ही बसून चालण्याचीच युक्ती होती. पायडल पुढे कित्येक वर्षांनी आले. परळीच्या वादात हे मला माहीत असते तर पायडलवाल्या टाळकऱ्यांच्या पारड्यात टाकले असते.

परभणीत आल्यावर विणेकरी बुवांना फोन लावला. त्यांच्याही घरी सगळे थांबलेले. वीणा खुंटीला होता, पण रोज काढून तार लावत होते. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, "किती वेळा उतरलास?"

मला वाटले पंक्चर किंवा चढाबद्दल विचारतायत. म्हणालो, खडी होती तिथे.

"तसं नाही. माणसं भेटली तेव्हा. पायी चालताना माणूस आपोआप भेटतो, थांबावं लागत नाही. सायकलवर उतरावं लागतं."

हे त्यांनी सहज म्हटले आणि पेरणीचे विचारू लागले. पण मला त्या दिवसापासून तो धडा झाला. त्याच ताकदीत सायकल चालण्याच्या तीन-चार पट अंतर नेते म्हणतात, आणि नेतेही. पण त्या तीन-चार पट अंतरात जी माणसे असतात ती सर्रकन मागे जातात. घंटी वाजवली, हात वर केला, संपले. तेव्हापासून मी उतरतो. कोणी रामकृष्णहरी म्हणाले की उतरायचे. म्हातारे माणूस चालताना दिसले की उतरायचे, थोडे बरोबर चालायचे, त्याचे ओझे कॅरिअरवर घ्यायचे. त्यामुळे गंगाखेडला पोचायला उशीर होतो. उंच सीटवरून उतरताना अजून त्रास होतो, चाचांनी सांगितलेच होते.

आषाढी १ जुलैला. मी ३० जूनला गावी पोचलो तर घरात आणखी एक काळजी. त्या वर्षी मराठवाड्यात अनेकांचे सोयाबीन उगवलेच नाही. भावाच्याही चार एकरांत ओळी रिकाम्या. दुबार पेरणीसाठी बियाणे आणायचे होते आणि पैशांची जुळवाजुळव चालली होती. मी जे थोडे नेले होते ते दिले. आई म्हणाली, "पांडुरंग बघंल." आणि मग लगेच, त्याच सुरात, "उद्या मला मागं बसव."

कुठे?

"गंगाखेडला."

भाऊ रागावला. मीही नाही म्हणालो. वीस किलोमीटर, अशा रस्त्याने, कॅरिअरवर, या वयात. आणि साथीचे काय? ती म्हणाली, "मागं बसल्यावर तुव्हं तोंड पुढं. मव्हं तोंड मागं फिरवीन. मग कुठून लागंल?" यावर भावजयीला हसू आले आणि रागावण्याचा प्रसंग गेला. शेवटी असे ठरले की गंगाखेडला मी एकटाच जाईन, पाणी आणीन. पण त्याआधी सकाळी तिला फाट्यापर्यंत नेईन. फाट्यावर काय आहे, असे कोणी विचारले नाही. दरवर्षी शेगावची पालखी जाताना ती तिथेच उभी राहायची.

त्या रात्री पाऊस पडला नाही. वाट वाळलेली होती. सकाळी कॅरिअरवर गोधडीची घडी बांधली. तिने नऊवारीचा पदर खोचला, हातात तुळशीचे कुंडे घेतले. डोक्यावर घेऊ दिले नाही. मी सायकलवर बसलोच नाही. हँडल धरून चालत राहिलो, भाऊ मागून तिच्या पाठीला हात लावून. सपाट वाटेवर दोन ठिकाणी मात्र तिने मला दटावून वर बसवले. "चालव की. तुव्हा बाप पळवायचा." मी बसलो आणि शंभरेक पावले चालवली. मागे वजन असे काही नव्हतेच. तिचा एक हात माझ्या कमरेला होता. तीन महिन्यांनी तिने मला हात लावला.

फाट्यावर रस्ता रिकामा. दोन्हीकडे नजर जाईल तिथवर कोणी नाही. ती उतरली, कुंडे माझ्या हातात दिले, डांबराच्या कडेला जिथे माती होती तिथे बसली आणि वाकून डोके टेकवले. चिमूटभर माती कपाळाला लावली, थोडी पदराच्या टोकात बांधली. गंगाखेडच्या दिशेला तोंड करून तिने टाळी धरली. आवाज बारीक होता. भाऊ एरवी देवाधर्माच्या फार नादी लागणारा नाही, तोही उभ्याउभ्या टाळी वाजवू लागला. परभणीकडून एक ट्रक आला. चालकाने वेग कमी केला, आमच्याकडे पाहिले, हात जोडले आणि तो पुढे गेला. बस, एवढेच. दहा मिनिटे आम्ही तिथे असू. मग ती म्हणाली, "चला, भगर शिजवायचीय."

तिला घरी सोडून मी गंगाखेडला गेलो, पाणी आणले.

जुलैत पुन्हा बंदचे दिवस आले. काही एकादश्या चुकल्या, काही साधल्या. देवळे त्या वर्षी १६ नोव्हेंबरला, पाडव्याला उघडली. त्यानंतरच्या पहिल्या शुद्ध एकादशीला, म्हणजे कार्तिकीला, मी जनाबाईसमोर उभा राहिलो आणि आईचे नाव सांगितले. पुढल्या वर्षी आषाढीला पादुका पुन्हा बसनेच गेल्या. २०२२ साली सगळे पूर्ववत झाले, शेगावची पालखी आमच्या फाट्यावरून गेली. गर्दीत आईला त्याच कॅरिअरवर बसवून उभी ठेवली होती; पालखीतल्या एका वारकऱ्याने येऊन तिच्या पाया पडून तिला केळे दिले. ते तिने खाल्ले नाही, देवापुढे ठेवले, काळे पडेपर्यंत. मी त्या वर्षी दिंडीबरोबर पायी पंढरपूरला गेलो. गुडघ्याने साथ दिली, पण वाखरीला पोचेपर्यंत तो सुजला होता. अजून दोन-तीन वर्षे पायी होईल असे वाटते. त्यापुढचे बुवांशी बोलून ठरवायचे आहे.

गंगाखेडची फेरी मात्र मी सोडलेली नाही. आई आता बसने जाऊ शकते, नियमही उठले, पण तिचे एसटीच्या पायऱ्या चढणे थांबले आहे. शुद्ध दशमीला मी गावी येतो, एकादशीला पाणी आणतो. गेल्या खेपेस तिने सायकलच्या मागच्या टायरवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "हे गुळगुळीत झालंय, आषाढीच्या आत बदल." टायर आणून ठेवला आहे. चाचांची टपरी आता त्यांचा नातू चालवतो. त्याने शुक्रवारी यायला सांगितले आहे.